फळा मोठा आहे

पहिल्या उन्हाळ्यात मी साडेनऊशेचा फ्लेक्स लावला
बसस्टॉपच्या कडुनिंबाला.
पाचवी ते दहावी, गणित-इंग्रजी, अनुभवी शिक्षिका.
अनुभव म्हणजे साकोलीच्या शाळेतले अकरा महिने,
त्यातले पगाराचे सात.
फोटो लग्नातला, शालू कापून.

जूनच्या आतच वावधन आलं.
फ्लेक्स निघाला आणि रेवारामच्या बकऱ्यांच्या कोठ्यावर चढला.
मग पावसाळाभर सासरे सांगत सुटले,
आमची सून बकऱ्यांना इंग्रजी शिकवते.
विद्यार्थी तीन.
त्यातला एक माझा धाकटा दीर.

चक्कीवर दळणाला नंबर लावून उभी होते.
डुलीचंद रहांगडाले खडूनं भिंतीवर उधारी लिहीत होता,
अर्धा गाव त्या भिंतीवर.
मी हळूच म्हटलं, भाऊ, सात सक बेचाळीस,
तुम्ही अठ्ठेचाळीस लिहिलंत.
भुवयांवर पीठ घेऊन तो बराच वेळ पाहत राहिला.
"म्याडम, माझं तुमी कोणाले सांगू नका.
तुमचं मी साऱ्याइले सांगतो."
सोमवारी दारात सहा पोट्टे.
दोघांच्या खांद्यावर अजून दळणाचं पीठ.

तेव्हा कळलं, नावाला स्वतःचे पाय नसतात.
कोणाच्या तरी डोक्यावर बसून
ते घरोघर जातं.

मग मी कोणत्याच बारशाला नाही म्हटलं नाही.
तेरवीच्या पंगतीत भाजी वाढली,
बचत गटाचं रजिस्टर सुलोचनाबाईंकडून घरी आणलं.
भजनात खंजिरी धरली, मला ताल नाही तरी.
खंजिरी चुकली की चार बाया वळून पाहायच्या,
आणि त्या चौघींची मिळून पोरं सात.

मंडईच्या रात्री, नाटकाच्या दुसऱ्या अंकाआधी
पडद्यापुढं येऊन माणसानं देणग्या वाचल्या.
"भूमेश्वरीबाई यांचेकडून रुपये एकशे एक!
क्लास मारुतीच्या देवळामागं. फळा मोठा आहे!"
फळ्याचं त्यानं मनचंच घातलं.
दिवाळीनंतर अकरा जण आले
आणि आधी फळाच शोधू लागले.
मग मोठा फळा घ्यावा लागला, हप्त्यानं.

एकदा रात्री वहीत नावं मोजली. अडतीस.
कोण कुणाच्या ओळखीनं आलं, पुढं लिहीत गेले,
चक्की, भजन, गट, मंडई,
आणि हात थांबला.
सगळी नावं तलावाच्या अलीकडली.

पलीकडं ढिवर मोहल्ला आहे, हे मला माहीत होतं.
मासोळी तिथूनच यायची.

उरकुडा नान्हे आला तो एका गुरुवारी,
पळसाच्या पानात झिंगे बांधून.
मागं पोरगी, प्रणोती, ओल्या पायांची.
"आमाले कोणी सांगतलं नाही जी.
हे पाळीवर जाळं धुते ना, तिथूनच आयकते."
म्हण, म्हटलं.
ती खाली पाहत म्हणत गेली, अकरा, बारा,
आणि तेराचा पाढा तेरा सक अठ्ठ्याहत्तरवर थांबला.
"पुढं काऊन नाही?"
"तवा वारं फिरलं होतं, म्याडम."

मी गावभर खंजिरी वाजवत फिरले
आणि पाढे आपले आपण
पाण्यावरून जात होते.

आता बसायची दिशा बदलली आहे.
पोरांची तोंडं तलावाकडं, खिडकी उघडी,
तेरा मात्र दोनदा म्हणून घेते.
ओरडून घसा बसतो. डुलीचंद म्हणतो, भोंगा लावा.
काल पाळीवर आणखी दोन डोकी दिसली,
जाळं कोरडं होतं तरी धूत होती.

फीचं उरकुड्याशी ठरलं आहे, झिंगेच.
फक्त बुधवारी आण, म्हटलं.
सासूबाईंचा गुरुवार असतो.