तक्त्यावरचा राक्षस

एकतीस वर्षं मी हेच केलं.
बाल्त्सीच्या माळावरची काळी माती चाळली,
मुळांचे केस चिमट्याने वेचले,
वीस ग्रॅम तोलून कॉस्टिक सोड्यात रात्रभर घुसळली.
सकाळी बाटलीत रात्रच उरलेली असायची.
मग आम्ल, थेंब थेंब,
आणि तपकिरी गुठळ्या खाली बसायच्या,
दूध नासल्यासारख्या.
खाली बसलं ते ह्युमिक,
वर पिवळं राहिलं ते फुल्विक,
आणि जे कशालाच बधलं नाही, ते ह्युमिन.
तीन नावं, तीन वह्या.
माझं अक्षर बरं, म्हणून वह्या माझ्याकडे.

भिंतीवर प्रोफेसर चेबोतारूंचा तक्ता:
एकच अजस्र रेणू,
षट्कोनाला षट्कोन, कडीला कडी,
मधमाश्यांनी दारू पिऊन बांधलेलं पोळं जणू.
शाईने स्वतः काढलेला.
कोपऱ्यात जागा संपली,
म्हणून शेवटचा ऑक्सिजन जरा वाकडा.
"येवडोकिया, हा राक्षस आहे म्हणून माती काळी आहे.
याला कुणी तोडू शकत नाही."
सेहेचाळीसच्या दुष्काळात
चाकवत उकडून खाऊन जगलेलं पोर ते.
न तुटणारं काहीतरी
त्यांना हवंच होतं.

ते गेले. मग इलारिओन आला,
एका कानात बाळी, हातात नव्या यंत्राची कागदपत्रं.
एक बारीक नळी, आत सच्छिद्र मणी;
मोठे रेणू थेट बाहेर पडतात,
लहानगे प्रत्येक भोकात डोकावत,
रमतगमत, उशिरा.
माझ्या एका जुन्या बाटलीतला थेंब त्याने सोडला.
पडद्यावर लगेच डोंगर उभा राहिला.
"बघ," मी म्हटलं, "राक्षस."
तो काही बोलला नाही.
लोणच्यात घालतात ते आम्ल, तेही नावापुरतं,
त्याने त्याच थेंबात मिसळलं
आणि पुन्हा सोडलं.

डोंगर आला नाही.
आम्ही थांबलो. हीटर टकटकत होता.
मग उशिरा, खूप उशिरा,
टेकाडं, उंचवटे, चिल्लीपिल्ली.

"राक्षस नव्हताच, मावशी. गर्दी होती.
सूर्यफुलाच्या देठातला लाकडाचा कपचा,
गव्हाच्या पानावरचं मेण,
मेलेल्या जिवाणूच्या भिंतीची वीट,
कुणीतरी अर्धवट टाकलेली साखर.
बांधलेली नाहीत. नुसती खेटून.
मधे कुठे कॅल्शियमचा हात,
कुठे चिकणमातीच्या घडीत दडलेली,
जिथे खाणाऱ्याचं तोंड पोचत नाही."
मग जरा वेळाने, स्वतःशीच:
"आणि ही तीन नावंसुद्धा… मातीत तसं काही नव्हतं.
आपण सोडा ओतला.
घाबरून जे बाहेर आलं, त्याचं बारसं केलं."

त्या रात्री मला राग आला. कुणाचा, ते ठरेना.
एकतीस वर्षांच्या वह्या.
घरात चार खोल्या, शेगडी एकीत.
सांदू पार्मात ट्रक चालवतो,
लिलियाना वेरोनात परक्या म्हातारीला न्हाऊ घालते.
रविवारी फोन. ईस्टरला बसने येणारं खोकं:
कॉफी, साबण, न बसणारा स्वेटर.
आम्हाला कुणी तक्त्यावर काढलंच
तर रेघ कुठून कुठे ओढेल?
आणि कुणी थेंबभर आंबट टाकलं तर?
टाकलंय. एकदा, जमिनीच्या वाटणीवरून.
दोन वर्षं फोन नव्हता.
मग एका रविवारी आला,
जसं काही झालंच नाही.

भिंत रंगवायला काढली तेव्हा
इलारिओन म्हणाला, तक्ता तुम्ही घेऊन जा.
गुंडाळून बसमधून आणला. कुठे लावणार?
माळ्यावर पालथा अंथरला
आणि वर अक्रोड वाळत घातले,
काही अजून हिरव्या सालीतले.
त्या सालीचा रस बोटांना लागला
की महिनाभर जात नाही. साबणाने, लिंबाने, कशानेच.

आज अक्रोड उचलले. कागद उलटून पाहिला.
रस आरपार झिरपलाय.
षट्कोनांच्या अंगावरून ओघळून
त्या वाकड्या ऑक्सिजनपाशी साचलाय,
तळहाताएवढा, काळाभोर.
त्याचं सूत्र
मी कुठल्याच वहीत लिहिलेलं नाही.