पाच मिनिटांसाठी

फायलीत मुंबई एका ओळीत मावते:
एपी-साउथ-वन.
तिला ना खाडीचा वास, ना साकीनाक्याचा सिग्नल.

रात्री पावणेतीन, चांदिवली, चौथा मजला.
प्लॅन चालवते. यायला हवं: काही बदल नाही.
येतं: एक फरक.
बावीस नंबरचं दार साऱ्या जगाला उघडं.

कोडमध्ये ते बंद आहे.
मीच लिहिलंय बंद, आणि लोबोने
दोनदा वाचून मंजूर केलंय.
मग हाताने कुणी उघडलं?

लॉग खाली सरकवत जाते.
सतरा मार्च, एक वाजून बारा मिनिटं.
माझंच नाव.

राजावाडीचा कॉरिडॉर. मांडीवर लॅपटॉप,
आत बाबा, फोनवर अडकलेलं पेमेंट
आणि कुणाचा तरी चढा आवाज.
पाच मिनिटांसाठी, म्हणाले होते मी.
मग नर्सने हाक मारली.

जूनपर्यंत कुणी आत आलं नाही, असं लॉग म्हणतो.
लॉगवर विश्वास ठेवायचा असतो.

अप्लाय. विचारतं, नक्की?
यस.
अकरा सेकंदांत दार कोडसारखं झालं.

तिकिटात कारण लिहावं लागतं, ती चौकट रिकामी सोडता येत नाही.
लिहिते: घाईत राहून गेलं.
लोबो सकाळी वाचेल.