मालकाचा हिस्सा

महिनाअखेर. दवाखान्याचं शटर अर्धं खाली.
बेहेऱ्यांनी कागद सरकवला माझ्यापुढे,
जसा मी सरकवते कुणाचा शुगरचा रिपोर्ट,
आकड्यावर बोट, नजर दुसरीकडे.

"मॅडम, मालकाचा हिस्सा वाढलाय.
पगार तेवढेच, वरचा भरणा जास्त.
फार नाही हो, सगळ्यांचे मिळून
एका माणसाच्या अर्ध्या पगाराएवढे."
मग त्यांनी चहात बिस्किट बुडवलं
आणि ते तुटून तळाला जाईपर्यंत
कुणीच काही बोललं नाही.

मालक.
धनकवडीच्या या चढावर एकोणीस वर्षं
मला 'बाई' म्हणतात,
रागावले तर 'डॉक्टरीणबाई'.
साडेनऊला शटर वाजवून
"पोरगं फणफणलंय" सांगणाऱ्यांनी
हा शब्द कधी उच्चारला नाही.

"फी वाढवा. दोनशेचे अडीचशे."
लोहोकरे आठवले, खडकीच्या कारखान्यातले, रिटायर,
सुटे पैसे रुमालात बांधून आणणारे.
पन्नास वाढले तर भांडणार नाहीत ते,
फक्त प्रेशर बघायला
दर महिन्याऐवजी दिवाळीला येतील.

"मग एक माणूस कमी करा."
कोण?
फिलोमिना, जिनं सुई टोचून झाली तरी
पोरं अजून रडायची वाट बघत असतात?
शाहीन, जिला फायलींचे नंबर पाठ आहेत
आणि कुठल्या घरात कोण पितं तेही?

खिडकीमागे पुड्या बांधायचा आवाज थांबला.
कुंडलिक बाहेर आला, हात पुसत.
"बाई, माझं नाव काढा कागदावरनं.
काय ते हातात द्या.
मला आता कितीसं लागतंय."

मी सवयीनं त्याचं मनगट धरलं.
नाडी मधेच एक ठोका गाळत होती.
किती दिवसांपासून, विचारलं,
तर म्हणाला, "तुम्ही बिझी असता."

बेहेऱ्यांच्या तक्त्यात
माझ्या नावापुढे पगाराचा रकानाच नव्हता,
नुसतं 'उरेल ते'.
म्हटलं, त्यातून कापा.
त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.
"यंदा निभेल. पुढच्या वर्षी?"

पुढच्या वर्षीचं माझ्याकडे औषध नाही.
फोनवर बाणेरच्या हॉस्पिटलवाल्यांचा मेसेज पडून आहे,
'बोर्डावर नाव तुमचंच राहील, मॅडम.'
डिलीट केलेला नाही.
उत्तरही दिलेलं नाही.

कुंडलिकला ईसीजीच्या टेबलावर झोपवलं.
तो म्हणे, "याचे पैसे कशात धरणार?"
फिलोमिना हसली. मी नाही.

तेवढ्यात शटरखालून
एक रुमालाची गाठ आणि दोन जुन्या चपला दिसल्या.
"बाई, चालू आहे ना अजून?"

"आहे. या," मी म्हटलं,
"फक्त डोकं सांभाळून."