अकरा नंबरची चादर

एप्रिलात लुआंग्वाचं पाणी गढूळ असतं,
लॉजच्या चादरी मी बोअरखाली धुते.
वाळल्या की कोळशाची इस्त्री,
दोन्ही अंगांनी, शिवणीवरूनसुद्धा,
कारण ओल्या कापडावर पुत्सी माशी अंडी घालते
आणि अळी पाहुण्यांच्या कातडीत शिरते.
आमच्या घरी इस्त्री नाही.
कातडी आहे.

काल रात्री अकरा नंबरवाल्यांना हत्ती दिसला.
सकाळी चहाच्या वेळी बाई
हाताची सोंड करून मला दाखवत होती:
इतका जवळ! इतका शांत!
जेवून आल्यासारखा.

जेवूनच आला होता.
माझ्याकडून.

येलेसानी माळ्यावर बसून डबा बडवत होता.
मिरची आणि हत्तीचंच शेण कालवून थापलेल्या गोवऱ्या
बांधावर धुमसत होत्या.
वाऱ्याने तोंड फिरवलं,
धूर आमच्याच झोपडीत.
आम्ही खोकत राहिलो, तो खात राहिला.
दाणा भरत आलेल्या सहा ओळी,
वर भोपळ्याचा वेल.

बाईला मी यातलं काही बोलले नाही.
"व्हेरी ब्युटिफुल" म्हणाले.
खोटं नव्हतं ते.
चांदण्यात निघाला तेव्हा
भिजलेला डोंगर उठून चालावा तसा दिसला,
येलेसानीचाही हात डब्यावर थांबला होता क्षणभर.
हे त्याला विचारलं तर नाही म्हणेल.

जूनमध्ये चिंचेखाली सभा भरते.
उद्यानाच्या पैशातला गावाचा वाटा
समितीचा चिझेंगा चष्मा पुसून वाचतो.
हत्ती राजधानीत राहतो,
पाय जिल्ह्याच्या गावी,
आमच्यापर्यंत शेपूट येतं.
ते धरून आम्ही दुपारभर भांडतो,
दवाखान्याला छप्पर, की हातपंपाला दांडा.
गेल्या साली छप्पर मंजूर झालं.
पत्रे आले.
खिळे पुढच्या साली.

लुसुंगूची फी मात्र याच चादरींतून निघते,
आणि पिठाची पिशवीसुद्धा.
पोर म्हणते, आई, मला हत्तीच शिकवतो ना?
बाप म्हणतो, हत्तीच तुझं ताट चाटून जातो.
मग दोघं माझ्याकडे बघतात.
मी न्सिमा ढवळते. गुठळी होऊ द्यायची नसते.

लॉजच्या दुकानात हत्तीच्या शेणाच्या कागदाच्या वह्या मिळतात.
अकरा नंबरच्या बाईने एक घेतली,
झाडाखाली बसून कालची रात्र लिहीत होती.
त्या कागदात बारीक पिवळे धागे असतात,
उजेडात धरलं तर दिसतात.
मी चादर झटकली. तिने मान वर करून हात हलवला.
मीही हलवला.

चार वाजता येलेसानी फाटकाशी येऊन गेला.
आत सोडत नाहीत,
चौकीदाराकडे निरोप ठेवलान्:
येताना सुक्या मिरच्या आण.
या खेपेला जास्त.