इतर

प्रांताच्या सांख्यिकी कचेरीचा माणूस मी,
दर तीन वर्षांनी समरिंदाहून होडीत बसून येतो
आचिल मासनाच्या दुकानाशी.
आचिल म्हणजे मावशी. अख्खा किनारा तिला मावशीच म्हणतो
आणि ती अख्ख्या किनाऱ्याला उधार देते.

दुकान पाण्यावर आहे,
मेरांतीच्या चार ओंडक्यांवर तरंगणारं.
तिचे वडील कंपनीचे ओंडके तराफ्याने समुद्राकडे न्यायचे,
त्यातलेच हे चार, वाटेत हिशेबातून निसटलेले.
ते कुठल्या वर्षाच्या लाकूड-उत्पादनात धरायचे
हे मी विचारत नाही.
मावशी कॉफी देते.

माझ्या फॉर्मात रकाने आहेत:
कोळसा, वायू, पामतेल, लाकूड, मासे.
लग्नपत्रिकेवर मानाप्रमाणे नावं छापतात तसे.
सगळ्यात खाली, बारीक टाइपात: इतर.

एक बार्ज जाते. बार्ज कसली, काळा डोंगर,
आणि पुढे एवढीशी टगबोट,
मुंगीने गुळाची ढेप ओढावी तशी.
लाट पोचायच्या आत मावशी माझा ग्लास उचलून धरते,
दुकान डुलून घेतं,
ती ग्लास परत ठेवते.
मग भिंतीच्या फळीवर खडूची रेघ.
सकाळपासूनची एकोणिसावी.

कशाला मोजता?
‘कुणीतरी मोजायला नको? तुम्ही तीन वर्षांनी उगवता.’

रेघा भरलेल्या बार्जच्या. रिकाम्या परत येतात त्या ती धरत नाही.
नदीतला डॉल्फिन, पेसूत, दिसला तर रेघ नाही, टिंब.
टिंब शोधायला मला चष्मा लावावा लागला.
एक सापडलं. फेब्रुवारीतलं.

बाराला वीज गेली. रोज जाते म्हणे, तीनला येते.
पंखा थांबता थांबता
मावशीने विसावी रेघ मारली.

तेवढ्यात फळीखालून एक डोकं वर आलं,
सारवानी, तिचा नातू, वय तेरा,
दातात जाळ्याची दोरी,
आणि जाळ्यात, मी वाकून पाहिलं, कोळसा.
नदीच्या वळणावर बार्ज कलतात, थोडं सांडतात,
तळाशी साचतं.
वरच्या अंगाचा लोहार पोत्याला पंचवीस हजार रुपिया देतो.

आता हे कुठे लिहू?
खाणकाम म्हणावं तर परवाना नाही.
शिवाय हा माल एकदा मोजला गेलाय,
वरच्या धक्क्यावर, टनात, निर्यातीत.
‘मासेमारी लिही,’ मावशी म्हणाली.
‘जाळं तेच आहे, त्याच्या आजोबाचं.
श्वास धरायलाही त्यांनीच शिकवलं.
मासे गेले, त्याला जाळ्याने काय करावं?’

मी पेन्सिलीने ‘इतर’ लिहिलं.
मग खोडलं. मग पुन्हा ‘इतर’.

माहिती देणाऱ्याची सही, मी म्हणालो.
मावशी भजी तळत होती, हात तेलाचे.
सारवानीने अंगठा टेकवला,
ओला, काळा,
थेट कोळशाच्या रकान्यापर्यंत ओघळ गेला.
कचेरीत म्हणतील, स्वच्छ प्रत काढा.

मी पेनाला टोपण लावल्यावर ती म्हणाली,
शाळेमागच्या जुन्या खाणीत पाणी भरलंय,
हिरवं, बाटलीच्या काचेसारखं,
दिसायला इतकं छान.
तिथे हा पोहत नाही. मी शपथ घातलीये.
ह्याच्या वर्गातला एक पोहला होता.

झारा तिने कढईवर आपटून निथळवला.
फॉर्म पिशवीत गेला होता.
मी पिशवीकडे पाहिलं, आणि कॉफीचे पैसे दिले,
जास्त दिले, ते तिने मोजून परत केले.

परतताना आमची होडी एका बार्जच्या मागे सापडली,
वळणापर्यंत पुढे जाता येईना.
माझ्याकडे खडू नव्हता.
नखाने होडीच्या काठावर एक रेघ ओढली.
होडीवाला म्हणाला,
साहेब, रंग नवा आहे.