नमुन्याची पाच दारं

भवानी पेठेतल्या दुकानदाराने
पाच नमुने पिशवीत घालून दिले.
वहीएवढी दारं, पाठीवर नंबर.
डिपॉझिट पाचशे.
"शनिवारपर्यंत परत, ताई. डाग नको, ओरखडा नको."

स्वारगेटच्या सिग्नलला रिक्षा थांबली
तेव्हा माझ्या मांडीवर पाच दारं होती
आणि एकालाही घर नव्हतं.

कॅटलॉगात लिहिलंय,
'आपल्या घराच्या व्यक्तिमत्त्वाला साजेसं दार निवडा.'
आमच्या घराचं व्यक्तिमत्त्व म्हणजे
वडगाव बुद्रुक, तिसरा मजला, साडेसहाशे फूट,
खिडकीखाली कालवा
आणि वर्षभर फडताळाला टेकलेली इस्त्रीची घडीची टेबलं, दोन,
एक कोणाचं ते आता आठवत नाही.

एक नंबर चौकटीचं.
देखणं. मासिकातल्यासारखं.
पण त्याच्या आतल्या चार कोपऱ्यांत
तेल जाऊन बसणार
आणि जुना टूथब्रश घेऊन तिथे जाणारी
मासिकात दाखवत नाहीत.

तीन नंबर काचेचं.
ते मी आहे त्या फळीसमोर धरून पाहिलं.
श्रीखंडाचे सात डबे,
एकातही श्रीखंड नाही.
एकावर लिहिलंय 'धने', ते खोडून 'मेथी',
आत फटाक्यांच्या उरलेल्या वाती आणि मेणबत्त्या.
काच काही बोलली नाही.
मीच डबे सरळ करू लागले,
मग पुसू लागले,
मग मनातल्या मनात एकसारख्या बारा बरण्यांचा भाव काढला
आणि काच पिशवीत परत ठेवली.

लाल चकचकीतवर चिरंजीव खूश.
ब्रिस्टलहून, फोनच्या चौकटीतून,
"हेच घे आई. आणि हँडल नको, आता कोणी लावत नाही."
त्या लालमध्ये पोळ्या लाटणारी मी दिसले,
रुंद, कपाळावर ट्यूबलाइट.
लाटणं थांबवून जराशी ताठ उभी राहिले.
पोळी फुटली.

हँडल नसलेलं, खाचेचं, पाच नंबर
अप्पांच्या हातात दिलं.
चौऱ्याऐंशी वर्षांची बोटं, पेरापेराला गाठ.
तीनदा नखं घसरली.
"छान आहे," म्हणाले.
अप्पा ज्याला छान म्हणतात
ते त्यांना जमलेलं नसतं.

त्या रात्री तीनला
जुनं फडताळ कुरकुरलं,
गुळाच्या बाजूचं.
शुगर आहे, हे त्यांना माहीत. मला माहीत, हे त्यांना माहीत नाही.
मी कूस बदलली.
उठले आहेत, चालले आहेत, खात आहेत.
पुन्हा कुरकुरलं. मग झोप लागली.

सकाळी हेमाराम सुथार फूटपट्टी घेऊन आला.
"सगळ्या बिजागऱ्या मऊवाल्या टाकतो मॅडम,
दार आपोआप मिटतं, आवाज शून्य."
मी म्हटलं, गुळाच्या दाराला जुनीच ठेव.
"गंजलीय ती."
ठेव.
त्याने कानावरची पेन्सिल काढून
प्लायच्या तुकड्यावर लिहिलं:
एक दार, आवाजवालं.
बाकी सगळी साधी, सपाट, राखी,
आणि हँडल एवढं मोठं
की अख्खा पंजा आत जावा.

राहिलं दोन नंबर. पांढरंशुभ्र.
आमटीच्या फोडणीशेजारी उभं केलं होतं, बघावं म्हणून.
मोहरी तडतडली, हिंग गेला,
हळद जरा जास्तच पडली, उडाली.
साबण झाला, लिंबू झालं,
दोन दिवस गॅलरीत ऊन दाखवलं.
पिवळं ते पिवळंच.

शनिवारी दुकानदाराने चार मोजले.
"पाचवं?"
त्याला हळद लागली, मी म्हटलं,
आता ते उंबरा ओलांडायचं नाही.
तो हसला. पाचशे त्याने ठेवून घेतले.

ओट्यावर असतं ते,
तांदळाच्या डब्याला झाकण म्हणून.
उचललं की मागचा नंबर दिसतो.