हनुवटी थोडी खाली

एकतीस वर्षं माणसांना सांगत आलो :
हनुवटी थोडी खाली. खांदे सैल. डोळे इकडे.
मोती चौकातून दोन गल्ल्या आत,
दहा बाय बाराची खोली,
आणि मागे जनू पेंटरने रंगवलेला पडदा :
तळं, दोन राजहंस, बर्फाचा डोंगर.
असला डोंगर साताऱ्यात कुणी पाहिला नव्हता,
पण पाठीशी सगळ्यांनाच हवा असायचा.

स्टुडिओ गेला. फोटो आता ज्याच्या त्याच्या खिशात.
पडदा कुणी घेईना, तो जिन्याखाली गुंडाळून ठेवला.
मग डॉक्टर म्हणाले, साखर वाढलीय, चाला.
म्हणून चालतो,
देगावातून पाटेश्वराच्या वाटेने, गळ्यात कॅमेरा.
नुसता चाललो तर लोक विचारतात, बरं आहे ना?
कॅमेरा असला की विचारत नाहीत.

सुरुवातीला डोंगराला मी
नवऱ्या मुलासारखा मधोमध बसवायचो,
उजेड तोंडावर, बाजू समान.
घरी येऊन बघावं तर
आधार कार्डावरचा फोटो :
आहे तोच, पण ओळखणार कोण.

दुसऱ्या वळणावर ठकूबाई कोळेकर, सोळा शेरडं.
तिने एकदा विचारलं, "काय हाय तिथं?"
डोंगर, मी म्हणालो.
"त्यो तर रोजच हाय.
आज काय हाय?"

मला उत्तर आलं नाही.

भादव्यात उन्हाचा एक तुकडा
जरंडेश्वराच्या खांद्यावरून सोनकीवर उतरला,
सरकत सरकत एमआयडीसीच्या पत्र्यांवर गेला
आणि विझला. दहा-बारा सेकंद.
मी लेन्सचं झाकण काढतच होतो.

मार्गशीर्षात तिने गवत दाखवलं :
आधी पिकतं ते कड्याजवळचं, जिथे माती पातळ,
मग मधल्या उताराचं,
आणि ओघळीच्या काठचं सगळ्यात शेवटी,
तिथली ओल हट्टी.
"एका दिसात न्हाई पिवळं हुत,
एकमेकाला इच्यारत इच्यारत हुतं."
तेव्हापासून घरून निघताना
कुठला फोटो काढायचा हे ठरवत नाही.
निम्मी वाट बघण्यात जाते, निम्मी धापेत.

फाल्गुनात वणवा लागून गेला,
आणि काळ्या उतारावर उघड्या पडल्या
दगडांच्या सरळ ओळी.
कधीकाळी कुणीतरी तिथे वावर केलं होतं.
शालनने तो फोटो चष्मा लावून बघितला, काढून बघितला,
म्हणाली, "ह्यात कुणी नाही,
पण कुणीतरी आत्ताच उठून गेल्यासारखं वाटतंय."
माझ्या फोटोबद्दल
तिने बोललेलं हे पहिलं लांब वाक्य.
भाजी करपली त्या दिवशी.

आणि पौषातली ती सकाळ.
सातारा नाही, अजिंक्यतारा नाही,
हायवे म्हणजे नुसता आवाज,
धुकं इतकं की खुरांवरून शेरडं मोजावीत.
बोटं गार. कॅमेरा गार. उभा राहिलो,
आणि सवयीने तोंडातून निघालं :
हनुवटी थोडी खाली.

धुकं कशाला ऐकतंय.
मीच खाली बघितलं.
दवाने पांढऱ्या झालेल्या गवतात
एवढीशी कोरडी जागा, ओंजळीएवढी,
गवत दबलेलं, कडेला दोन लेंड्या.
बराच वेळ गुडघ्यांवर होतो.
उठताना ठकूबाईने हात दिला.
"आज काय हाय?"
ससा, मी म्हणालो.
"कुठाय?"
नाही, म्हणूनच.
ती हसली नाही. मान हलवली,
आणि शेरडं वरच्या अंगाला वळवली.

पडदा मी तिला देऊन टाकला,
खोपटावर अंथरायला.
एक राजहंस करडाने खाल्ला.
डोंगर वरच्या बाजूला आलाय, उन्हात.
दर महिन्याला त्याचाही एक फोटो काढतो.
बर्फ वितळायला लागलाय.